शिवणक्लासची प्रेसिडेंट

तिला आधी आभार मानायची सवय होती. काम ती मागाहून सांगायची. दाराची बेल वाजायची, मी दार उघडायची आणि समोर शाळेच्या युनिफॉर्ममधली सोळा वर्षांची पोरगी हात जोडून उभी असायची. "आजी, थँक यू सो मच." कशाबद्दल, ते मी विचारायचं. विचारलं की फसले. त्या थँक यूपायी मी एकदा हॉलमधल्या चार खुर्च्या दिल्या, एकदा वीस माणसांचा चहा केला आणि एकदा तर शाळेची प्रिन्सिपल झाले. मी स्वतः चौथी पास.

तिचं नाव अदिती. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या सावंतांची मुलगी. पण मी तिला प्रेसिडेंटबाई म्हणायची, कारण तिनं एक संस्था काढली होती. संस्थेत तिघी होत्या. ही प्रेसिडेंट, तिच्या वर्गातली एक मल्याळी मुलगी व्हाइस प्रेसिडेंट आणि कराचीची एक मुलगी सेक्रेटरी. साधा सभासद एकही नव्हता.

"मग काम कोण करतं?" मी विचारलं.

"तेच तर, आजी," ती म्हणाली. "थँक यू."

संस्थेचं नाव दर आठवड्याला बदलायचं. काम मात्र एकच होतं. अफगाणिस्तानात तेव्हा मुलींच्या शाळा बंद केल्या होत्या, त्या उघडायच्या. शारजात बसून. गृहपाठ झाल्यावर.

मी शारजात गेले ती नवरा वारल्यावर, दोन हजार साल लागायच्या जरा आधी. आमच्या अल नहदा भागात तेव्हा इमारती कमी आणि वाळू जास्त होती. मुलगा जबल अलीच्या एका गोदामात कामाला होता. पहाटे साडेपाचला कंपनीची बस यायची, त्यात तो जायचा. सून दुबईला एका दवाखान्यात. दिवसभर मी, टीव्ही आणि खिडकी. मला मुलांची काही विशेष हौस नाही, हे आधीच सांगते. पण रिकामं बसण्यापेक्षा ही पोरगी बरी, असं मला वाटायला लागलं. तिथेच चूक झाली.

तिचं मराठी तिथेच जन्मलेल्या मुलांचं होतं. मी तिच्याशी मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि फारच लाडात आली की "आजी, तू बसा ना" म्हणायची. मला सोयीचं होतं. तिचं निम्मं मला कळायचं नाही आणि त्या निम्म्याला मी हो म्हटलंय असं ती धरून चालायची.

तिला मोर्चा काढायचा होता. त्या देशात मोर्चा काढत नाहीत. तिचे बाबा तर 'मोर्चा' हा शब्द ऐकला की टीव्हीचा आवाज वाढवायचे. "आपण इथे कामाला आलोय. व्हिसा कॅन्सल झाला म्हणजे कळेल," हे त्यांचं नेहमीचं. म्हणून मग तिघींनी आमच्या मजल्यावरच मोर्चा काढला, लिफ्टपासून जिन्यापर्यंत आणि परत, हातात पुठ्ठे घेऊन, घोषणा न देता. वॉचमन वर आला होता. तो बघत उभा राहिला आणि मला म्हणाला, "स्कूल में फॅन्सी ड्रेस है क्या?"

नंतर सह्या. एका मोठ्या कागदावर तिनं इमारतीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. माझीही घेतली. मी सही मराठीत करते आणि सावकाश करते.

"आजी, इंग्लिशमध्ये नाही येत?"

"नाही. कुठे पाठवणार हे?"

"काबूल."

"मग तिथे तरी इंग्रजी कोण वाचतंय?"

तो कागद काबूलला गेला नाही. सावंतांनी तो तिच्या दप्तरात बघितला, बारीक तुकडे केले आणि संडासात टाकून पाणी सोडलं. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन बसली. रडली वगैरे नाही. म्हणाली, "आजी, एक मोठा कागद असेल?"

तेव्हा मी तिला सरळ सांगितलं. "काबूल लांब आहे. खाली बेकरीत कधी बघितलंस? त्या अफगाणी उस्तादाची मुलगी बारा वर्षांची आहे. दिवसभर पिठाचे गोळे करते. तिच्यासाठी कोणाची सही लागत नाही."

मी हे तिला गप्प करायला बोलले होते. ती गप्प झालीही, पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी चार वाजता बेल वाजली. "आजी, थँक यू सो मच." तिच्या मागे डोक्यावरून ओढणी घेतलेली, हिरव्या डोळ्यांची एक मुलगी उभी होती, हातात सुईदोऱ्याचा डबा घेऊन.

उस्ताद मुलीला शाळेत पाठवणारा नव्हता. शाळेत परकी माणसं असतात, असं त्याचं म्हणणं. पण एका म्हाताऱ्या बाईकडे शिवण शिकायला त्याची हरकत नव्हती. प्रेसिडेंटबाईनं त्याला सांगून टाकलं होतं की वरच्या आजीसारखं शिवणकाम अख्ख्या शारजात कोणाला येत नाही. मला साधी धावदोऱ्याची टीप सरळ घालता येत नाही. नवऱ्याच्या शर्टाची बटणंसुद्धा शेजारीण लावून द्यायची.

मुलीचं नाव शकीबा. माझ्या तोंडी त्याचं पहिल्याच दिवशी सखूबाई झालं. तिनं काही तक्रार केली नाही. घरचे हेरातचे, मध्ये काही वर्षं पेशावरला काढलेली, त्यामुळे हिंदी समजायचं. प्रेसिडेंटबाईनं कामं वाटली. इंग्रजी ती शिकवणार, हिशेब मी. "आजी, यू आर द प्रिन्सिपल. खलास."

इंग्रजीचं पहिलं वाक्य तिनं शिकवलं ते 'आय हॅव राइट्स'. म्हणजे मला हक्क आहेत. सखूबाई चार दिवस 'आय हॅव राइस' म्हणत होती. प्रेसिडेंटबाई कपाळाला हात लावून बसली. मी म्हटलं, राहू दे, भातही लागतोच.

मला हिशेब एकाच तऱ्हेनं येतो. गावच्या शाळेत आमच्या मास्तरांनी घोकून घेतले तसे पाढे, मराठीत, मोठ्यानं, मान हलवत. दुसरी भाषा मला येत नाही आणि आलेली असती तरी पाढे त्या भाषेत आले नसते. तेव्हा मी 'बे एके बे' सुरू केलं. सखूबाई थांबली. त्यांच्या भाषेत 'बे' म्हणजे 'शिवाय'. तिनं विचारलं, "नानी, बे क्या? किस चीज के बगैर?" बे दुणे चार म्हटल्यावर मात्र तिचा चेहरा फुलला, कारण चार त्यांच्याकडेही चारच. मग ती भराभर चालली. महिन्याभरात दहापर्यंत आणि चार महिन्यांत वीसपर्यंत. माझ्या सुनेला अजून बाराचा येत नाही.

शिवणाचा मोठा घोळ होता. घरी काहीतरी शिवलेलं न्यायला हवं. मी एक उशीचा अभ्रा घेतला आणि त्यावर फूल काढलं. फुलाचा बटाटा झाला. सखूबाई तो घेऊन घरी गेली. तिच्या आईनं बघितला. ती बाई भरतकामात अशी तरबेज होती की तिला फसवायला माझ्यापेक्षा पाचपट बरी शिवणारीण लागली असती. पण ती नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. आठ दिवसांनी अभ्रा माझ्याकडे परत आला. बटाटा उसवलेला आणि त्या जागी लालबुंद डाळिंब भरलेलं, पानासकट. पुढच्या आठवड्यात दुसरं डाळिंब. त्या बाईशी माझं तोवर एकदाही बोलणं झालं नव्हतं. पण आमचं दोघींचं ठरल्यासारखं झालं. आम्ही वर पाढे शिकवायचे आणि तिनं खाली शिवण शिवायचं.

प्रेसिडेंटबाईला हे इतकं आवडलं की तिनं त्या आईला न विचारता संस्थेची खजिनदार करून टाकलं. खजिना नव्हता, पण जागा रिकामी होती.

असं सात-आठ महिने चाललं. मग एका दुपारी उस्ताद वर आला. कोपरापर्यंत पीठ, तसाच. धिप्पाड माणूस. प्रेसिडेंटबाई शाळेतून यायची होती.

"माई," तो म्हणाला, "तुम मेरी बेटी को कौन सा दर्स देती हो?"

दर्स म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, शिवण.

"मैंने अपने कान से सुना. वो आटे के पेडे रखती है और बोलती है. दर्से, दर्से, दर्से. गा के बोलती है. सर हिला के बोलती है. ये किस मजहब का दर्स है?"

मला काही उमगेना. मी आपली पुन्हा शिवण शिवण करत राहिले आणि पुरावा म्हणून तो अभ्रा त्याच्या हातात दिला. इथे माझी अक्कल कमी पडली. त्यानं ती डाळिंबं बघितली, उलट्या बाजूनं टाके बघितले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ये तो मेरी बीवी का हाथ है."

तो म्हणाला, उद्यापासून शकीबा येणार नाही. ईदनंतर त्याचा भाऊ हेरातला जायचा होता, त्याच्याबरोबर तिला तिथल्या तिच्या आजीकडे पाठवून देणार. हेरातला म्हणजे शाळा तर सोडाच, खिडकीतसुद्धा उभं राहायचं नाही. आणि बारा वर्षांच्या मुलीला तिकडे पाठवलं की पुढे काय करतात हे मला कोणी सांगायला नको. माझं स्वतःचं लग्न चौदाव्या वर्षी झालं.

संध्याकाळी आमच्या घरात आणि सावंतांच्या घरात एकाच वेळी आरडाओरडा झाला. माझा मुलगा म्हणाला, "आई, इथे दुसऱ्याच्या मुलीला आपला धर्म शिकवला असं कोणी नुसतं बोललं तरी आपल्याला विमानात बसवतात. तू मंत्र शिकवत होतीस काय?"

"मला कुठे मंत्र येतात?" मी म्हटलं. "मी पाढे शिकवले."

समोरून सावंतांचा आवाज येत होता. व्हिसा हा शब्द मला तीन वेळा ऐकू आला. थोड्या वेळानं दार आपटलं आणि प्रेसिडेंटबाई आमच्याकडे आली. तिनं मला सखूबाईचा शेवटचा धडा म्हणायला लावला. मी म्हटला. अकरा दाहे दाहोदरसे. तेरा नवे सतरोदरसे. चौदा आठे बारोदरसे. आमच्या वेळी एकशे दहा, एकशे सतरा असं पाढ्यात म्हणत नसत, असंच म्हणत. तिनं लगेच कराचीच्या सेक्रेटरीला फोन लावला. मग फोन ठेवला आणि सोफ्यावर आडवी होऊन हसायला लागली. पोट धरून हसत होती. मला रागच आला.

"आजी, दर्स मीन्स लेसन," ती म्हणाली. "रिलिजस लेसन. त्याला वाटलं तू पूजा शिकवतोय."

"शिकवतेस."

"तेच. यल्ला, चला, उद्या आपण बेकरीत जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. दुपारची वेळ, खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, घ्यायला रांग लागलेली. प्रेसिडेंटबाईनं रात्री भाषण लिहून आणलं होतं. तिनं कागद उघडला आणि "सर, एव्हरी गर्ल चाइल्ड" असं सुरू केलं. उस्तादानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि तिच्या हातावर एक गरम खुबूस ठेवला. कागद आणि खुबूस दोन्ही धरता येईनात, म्हणून भाषण थांबलं.

मग मी बोलले. "उस्ताद, वो धरम नहीं है. वो पहाडा है."

"कौन सा पहाड?" तो म्हणाला.

"पहाड नहीं. पहाडा."

"मल्टिप्लिकेशन," प्रेसिडेंटबाई मध्ये बोलली.

"ये किस मुल्क में होता है?"

रांगेतले लोक हसायला लागले. एक पेशावरचा टॅक्सीवाला पुढे उभा होता, त्याला सगळं कळलं. तो म्हणाला, "उस्ताद, जरब, जरब. हिसाब का जरब." जरब म्हणजे त्यांच्याकडे गुणाकार. मी उस्तादाला म्हटलं, पोरीला बोलाव आणि विचार. चुकली तर खुशाल पाठव हेरातला, मी तोंड उघडणार नाही. बोलून तर गेले. पण आता मागे घेता येत नव्हतं. प्रेसिडेंटबाईनं माझा हात इतका जोरात धरला की बांगडी रुतली.

सखूबाई मागच्या पडद्याआडून आली. टॅक्सीवाल्यानं विचारलं, "तेरह नौ?" तिनं मान हलवली, पुटपुटली, तेरा नवे सतरोदरसे, आणि बापाकडे बघून त्यांच्या भाषेत आकडा सांगितला. शेजारच्या दुकानदाराकडे कॅल्क्युलेटर होता. त्यानं दाबून बघितलं. "सही है." मग सगळेच विचारायला लागले. ती पुटपुटायची, सांगायची, तो दाबायचा. रांग पुढे सरकायची थांबली.

मग बापानं स्वतः विचारलं. त्याच्या तंदुरात एका वेळी अठरा नान लागायच्या. सोळा वेळा लावल्या तर किती? कुठलाही पाढा मी दाहेपर्यंतच शिकवला होता, सोळापर्यंत नाही. पोरीनं डोळे मिटले. अठरा दाहे ऐंशासे. अठरा सक अठोदरसे. एकशे ऐंशी आणि एकशे आठ, दोन्ही मिळवले. डोळे उघडून म्हणाली, "दो सौ अठासी."

उस्तादानं कॅल्क्युलेटरवाल्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो भिंतीकडे गेला. तिथे तो कोळशानं रेघा मारायचा, एका घाण्याला एक. त्यानं बोटानं मोजायला सुरुवात केली. इतका वेळ मोजत होता की आतल्या नान जळल्या आणि धूर आला. पडद्यामागून बाईचं हसू ऐकू आलं. त्या घरात मोठ्यानं हसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यानं जळलेल्या नान काढून टाकल्या. मग मला विचारलं, "स्कूल में उस्तानी औरत होती है?"

"प्रिन्सिपल भी औरत है," प्रेसिडेंटबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. मी तिच्या पायावर पाय दिला.

ईदनंतर भाऊ एकटाच हेरातला गेला. शाळेच्या कागदपत्रांना दोन महिने लागले. सगळी धावपळ प्रेसिडेंटबाईनं केली. ज्या ज्या ऑफिसात जायची तिथे आत शिरताच थँक यू म्हणायची, आणि बिचारे कारकून गोंधळून काहीतरी करून द्यायचे. सखूबाईला एका मुलींच्या शाळेत चौथीत घेतलं. मी जिथे थांबले तिथून ती सुरू झाली. माझी प्रिन्सिपलकी संपली असं मला वाटलं, पण सखूबाईची धाकटी बहीण सहा वर्षांची झाली होती आणि तिच्या आईनं तिला सुईदोऱ्याचा डबा देऊन वर पाठवली.

यात एका माणसाला काही गंमत वाटली नाही. सावंतांना. बेकरीतली हकीगत त्यांच्या ऑफिसपर्यंत पोचली होती. लोक त्यांना हसून विचारायचे, आणि ते रात्री झोपायचे नाहीत. "आज बेकरी, उद्या कुठे जाईल?" ते मला म्हणाले. "ही आम्हाला सगळ्यांना एक दिवस विमानात बसवेल." त्यांनी ठरवलं की अकरावीची परीक्षा झाली की तिला पुण्याला मावशीकडे पाठवायचं. तिनं भांडून बघितलं. दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन तीन पोळ्या खाल्ल्या. पण सावंत हलले नाहीत. घाबरलेल्या माणसाला समजावता येत नाही. एकीला घरी परत पाठवू नये म्हणून जी भांडली, तिचीच रवानगी झाली.

हे उस्तादाला कळलं. तो पुन्हा पीठ लागलेल्या हातांनी वर आला, पण आमच्या दाराशी नाही. सावंतांच्या. मी आमच्या दारातून ऐकत होते, लपून वगैरे नाही.

"साहब, सुना है बच्ची को वापस भेज रहे हो. स्कूल के बीच में?"

सावंत म्हणाले, "वहां पढने ही भेज रहा हूं."

"यहां स्कूल नहीं है क्या? मेरी बेटी तो जाती है."

सावंतांनी दार लावलं. उस्ताद माझ्याकडे वळला आणि मान हलवत म्हणाला, "माई, तुम्हारे लोग लडकियों के मामले में बहुत पीछे हैं."

मी हे प्रेसिडेंटबाईला सांगितलं तेव्हा ती हसली, पण नेहमीसारखी आडवी झाली नाही.

ती गेली त्या सकाळी मी खाली उतरले. सावंत डिकीत बॅगा चढवत होते. बेकरीच्या दारात सखूबाई युनिफॉर्म घालून उभी होती. तिची त्या दिवशी परीक्षा होती आणि ती भिंतीकडे तोंड करून काहीतरी घोकत होती. प्रेसिडेंटबाई तिच्याकडे गेली. जाताना हिला काय काय सांगायचं ते तिनं मला आदल्या दिवशी म्हणून दाखवलं होतं, चांगलं लांबलचक होतं. तिनं सखूबाईचे दोन्ही हात धरले आणि "शकीबा, लिसन," म्हणाली. तेवढ्यात शाळेची बस आली.

सखूबाईनं हात सोडवून घेतले. "लेट, लेट," म्हणाली आणि पळत जाऊन बसमध्ये चढली. मागे वळून बघितलंही नाही. खिडकीत बसली तेव्हाही तिचे ओठ हलत होते.

प्रेसिडेंटबाई रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहिली.

"आजी, तिनं माझं ऐकलंच नाही," ती म्हणाली.

"तिला उशीर होत होता," मी म्हटलं.

सावंतांनी हॉर्न वाजवला. विमानाची वेळ झाली होती. ती काही जागची हलली नाही. बस कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली, मगच गाडीत बसली.